उसिकने केलं म्हणून बिवोललाही जमेल का?

प्रश्न पाचोऱ्याच्या एका मुलाचा आहे. स्वतः 71 किलोत खेळतो. त्याच्या जिममध्ये 92 किलोचा एक जण आहे आणि स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, हा त्याला "आरामात फिरवतो". त्यावरून त्याने विचारलंय: दिमित्री बिवोल लाइट हेवीवेटचा, म्हणजे 79 किलोच्या गटाचा विजेता. त्याच्यासारखे पाय आणि त्याच्यासारखा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आज क्वचित कुणाकडे. मग तो जोशुआ, फ्युरी अशा हेवीवेटना, म्हणजे सर्वांत वरच्या गटातल्यांना, का नाही हरवणार? त्या दोघांना हरवलेला उसिकसुद्धा खालच्या गटातूनच वर आला ना? की वजनगट हा नुसता बाऊ आहे?

भाऊ, तू वय एकोणीस लिहिलंयस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. मी भुसावळला संध्याकाळी पोरांना बॉक्सिंग शिकवतो, चोवीस वर्षं झाली. त्याआधी स्वतः खेळलो, राज्य पातळीपर्यंत पोचलो, पुढे गाडी गेली नाही. मोठ्या लढती मी तुझ्यासारख्याच पडद्यावर पाहिल्यात. पण लहान पोराचा आणि मोठ्या पोराचा ठोसा एकाच संध्याकाळी, पाच मिनिटांच्या अंतराने, पॅडवर झेलायचं काम मी रोज करतो. जे सांगतोय ते त्या खांद्यांच्या जोरावर.

आधी सरळ उत्तर. हो, खालच्या गटातला विजेता हेवीवेटला हरवू शकतो. हरवलेलं आहे, एकदा नाही, बऱ्याचदा. पण तुझ्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. लहान म्हणजे किती लहान? हेवीवेट म्हणजे कोणता हेवीवेट? आणि एका रात्रीपुरतं जिंकायचंय की वर जाऊन टिकायचंय? हे सुटं केल्याशिवाय "हो" किंवा "नाही" म्हणणं म्हणजे पोरांच्या चहाच्या टपरीवरच्या पैजा.

तुझ्या जिमपासून सुरू करू, कारण खरी गफलत तिथे आहे. तो 92 किलोचा गडी किती वर्षं खेळतोय हे तू लिहिलेलं नाहीस. आणि दुसरं, तो तुझ्यावर पूर्ण हात सोडतो का? माझ्याकडे मोठं पोर लहानाबरोबर उतरलं की मी आधी दम देतो, "हात राखून." चांगल्या घरची पोरं तर न सांगताही राखतात. तू ज्याला फिरवतोयस तो बहुधा राखलेल्या हाताचा माणूस आहे. त्यावरून बिवोल आणि फ्युरीचा हिशोब मांडता येत नाही.

माझ्याकडचा एक प्रसंग सांगतो. एक पोरगा 63 किलोचा, राज्य स्पर्धेत पदक आणलेला, पाय असे की टायल्सवर पाणी सांडलं तरी घसरणार नाही. दुसरा रावेरकडचा, घरची केळी, 96 किलो, येऊन जेमतेम आठ महिने झालेले. जॅब टाकताना अजून हनुवटी वर यायची त्याची. दोघं नेहमी तीन राउंड करायचे आणि लहान्या दर वेळी हसत उतरायचा. एके दिवशी तोच म्हणाला, सर, आज सहा करू. मी मोठ्याला बाजूला घेतलं आणि एवढंच सांगितलं: डोक्यावर जोरात मारायचं नाही, पण अंग वापर. पळू नको त्याच्या मागे. चालत जा.

पहिले दोन राउंड नेहमीसारखेच गेले. लहान्या माशीसारखा, हा हवेत हात मारतोय. तिसऱ्यात मोठ्याने खरंच पळणं सोडलं. नुसता चालत कोपरा अडवायचा, जवळ आला की पुढचा हात लहान्याच्या मानेवर टाकायचा आणि अंग सोडून द्यायचा. मी "ब्रेक" म्हणेपर्यंत तीन-चार सेकंद जायचे. तीन-चार सेकंद 96 किलो मानेवर. चौथ्या राउंडला लहान्याच्या टाचा जमिनीला लागायला लागल्या. इतके दिवस तो चवड्यांवर असायचा, टाच टेकली की समजायचं, तेल संपत आलं. पाचव्यानंतर कोपऱ्यात आला, पाणी प्यायला बाटली उचलली आणि दोन्ही हातांनी धरली. म्हणाला, "सर, हात वर राहत नाही भो." गंमत अशी की तोवर त्याला स्वच्छ बसलेला ठोसा एकही नव्हता. सगळे गार्डवर, खांद्यावर, कोपरावर. सहावा राउंड मी होऊ दिला नाही.

वजन म्हणजे जोरात ठोसा, एवढंच लोक धरतात. ठोसा हा त्याचा एक भाग. मोठा माणूस जवळ येऊन टेकतो तेव्हा त्याचं ओझं तुला वाहावं लागतं. ते झटकून निघायला जो दम जातो तो पायांतला जातो, आणि लहान माणसाचं सगळं भांडवल पायांतच असतं. म्हणून तीन राउंडांच्या हौशी लढतीत लहान माणूस जेवढा भारी वाटतो तेवढा बारा राउंडांच्या व्यावसायिक लढतीत राहत नाही.

अडवलेल्या ठोशाचं तर कुणी बोलतच नाही. मी कॉलेजात असताना 67 च्या गटात खेळायचो. एका स्पर्धेत आमच्या संघाला 71 मध्ये माणूस नव्हता. मॅनेजर म्हणाले, तू जा. माझं वजन भरत होतं 66. सकाळी पाच केळी आणि तांब्याभर पाणी पोटात ढकलून काट्यावर चढलो, काटा कसाबसा 67 च्या पुढे सरकला. समोरचा 76 वरून घाम गाळून 71 वर आलेला, आणि संध्याकाळी रिंगमध्ये उतरेपर्यंत खाऊन-पिऊन पुन्हा तेवढाच झालेला. कागदावर एका गटाचा फरक, प्रत्यक्षात आठ-नऊ किलोंचा. मी गार्ड घट्ट ठेवला, चेहऱ्यावर फार काही लागू दिलं नाही, गुणांवर हरलो आणि मनात म्हटलं, वाचलो. परतीच्या पॅसेंजरमध्ये चाळीसगावला चहाचा ग्लास हातात घेतला तर तो तोंडापर्यंत जाईना. मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हात काळेनिळे. घरी आईने विचारलं, गाडीत दार लागलं का रे हातावर? त्यानंतर मी कुठल्याही पोराला "एक गट वर खेळ, काय होतंय" असं म्हटलेलं नाही.

आता मोठ्या लढतींकडे येऊ. आपल्याकडे यात्रेतल्या कुस्तीच्या दंगलीत जोड लावताना काटा नसतो. जुनी माणसं मान बघतात, मनगट बघतात, मांडीचा घेर बघतात आणि म्हणतात, "नाही जमत, दुसरा आण." ती नजर इथे कामाची आहे. मायकल स्पिंक्स लाइट हेवीवेटचा विजेता होता. 1985 मध्ये वर येऊन त्याने लॅरी होम्सला गुणांवर हरवलं आणि लाइट हेवीवेटचा गादीवरचा विजेता असताना हेवीवेटचा किताब घेणारा तो पहिला ठरला. उत्तम पाय, विचित्र कोनांतून येणारे हात, आणि समोर उताराला लागलेला होम्स. मग 1988 मध्ये माइक टायसन. त्या दिवशी काट्यावर स्पिंक्स सुमारे 96 किलो, टायसन सुमारे 99. फरक तीन किलोंचा. उंचीत तर स्पिंक्सच वरचढ. लढत 91 सेकंदांत संपली. जोड काट्यावर बरोबर होती, त्या म्हाताऱ्यांच्या नजरेत बसली नसती. स्पिंक्सने ते किलो नंतर चढवलेले होते. टायसनची मान आणि मांड्या मुळातच तेवढ्या होत्या.

लाइट हेवीवेटमधून वर आलेल्या बिली कॉनची गोष्ट तर तुझ्या प्रश्नाचं जवळजवळ उत्तरच आहे. जून 1941, न्यूयॉर्क, समोर हेवीवेटचा विजेता जो लुईस. कॉन 80 किलोंच्या आतला, लुईस 90 चा. बारा राउंड झाले तेव्हा पंचांच्या दोन कार्डांवर कॉन पुढे होता, एकावर बरोबरी. फक्त पळत राहिला असता तरी किताब हातात होता. तेराव्यात त्याला वाटलं, आता लुईसला पाडतोच. राउंड संपायला दोन सेकंद असताना तोच खाली पडून मोजला गेला. लोक हसून म्हणतात, हाव नडली. मला तसं वाटत नाही. बारा राउंड मोठ्या माणसाला चुकवत राहिलं की पाय थकतात आणि थकलेला माणूस आपोआप जवळ उभा राहून हाणामारी करतो. हाव नंतर सुचते, आधी पाय थांबतात. हे मी माझ्या पोरांत इतक्या वेळा बघितलंय की तो राउंड बघताना मला कॉनच्या डोक्यापेक्षा त्याच्या टाचाच दिसतात.

रॉय जोन्सचं नाव तू घेतलं नाहीस, पण कुणीतरी घेईलच. मार्च 2003, लास वेगास. मूळचा मिडलवेट, म्हणजे लाइट हेवीवेटच्याही खालचा, त्या दिवशी 87 किलो, समोर जॉन रुईझ 102 चा. जोन्सने त्याला हसत-खेळत हरवलं. 1897 मध्ये बॉब फिट्झसिमन्सने कॉर्बेटला पाडून हेवीवेटचा किताब घेतला होता. त्यानंतर मिडलवेटचा माजी विजेता हेवीवेटच्या किताबापर्यंत पोचला तो थेट जोन्स. पण बघ, रुईझ निवडलेला होता. सरळ येणारा, जवळ येऊन धरणारा, जॅब साधा. त्या काळात वरती लेनॉक्स लुईस होता आणि जोन्स त्याच्या वाटेला गेला नाही. मी त्याला शहाणपणच म्हणेन. पुढे तो परत 79 वर उतरला, टार्व्हरकडून मे 2004 मध्ये दुसऱ्याच राउंडला पडला, आणि पूर्वीचा जोन्स पुन्हा दिसला नाही. वय होतंच. पण चढवलेलं मांस काही महिन्यांत उतरवणं शरीराला काय करतं हे ज्याने एखाद्या पोराला स्पर्धेआधी सहा किलो उतरवताना पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको.

क्रूझरवेट (लाइट हेवीवेट आणि हेवीवेट यांच्या मधला गट) मधून वर आलेल्या डेव्हिड हेचंही तसंच. 2009 मध्ये तो 98 किलो आणि निकोलाई वालुएव्ह 143. पंचेचाळीस किलोंचा फरक, आणि तरी डेव्हिड हे जिंकला. कारण वालुएव्ह अवाढव्य होता पण संथ होता. दोन वर्षांनी व्लादिमीर क्लिच्को समोर आला. तो वालुएव्हपेक्षा कितीतरी हलका, पण लांब जॅब आणि शिस्त. बारा राउंड हेला आत शिरताच आलं नाही. किलो सगळं सांगत नाहीत ते असं. लहान माणसाला खरा त्रास देतो तो लठ्ठ हेवीवेट नव्हे, लांब हातांचा आणि जॅब येणारा हेवीवेट.

आणि आता तुझा उसिक. तो "खालून आलेला लहान माणूस" आहे असं आपण म्हणतो तेव्हा अर्धीच गोष्ट सांगतो. उंची 191 सेंटिमीटर. 2006 च्या युरोपियन स्पर्धेत तो 75 किलोत खेळून कांस्य घेऊन आला होता. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये 91 किलोत सुवर्ण. 2018 मध्ये क्रूझरवेटचे सगळे किताब एकत्र केले, तो गट 90.7 किलोंचा. सप्टेंबर 2021 मध्ये जोशुआसमोर उभा राहिला तेव्हा 100 किलो. म्हणजे 75 ते 100 हा प्रवास पंधरा वर्षांचा. सांगाडा आधीपासून मोठा, त्यावर मांस हळूहळू चढत गेलं आणि प्रत्येक पायरीवर पाय तसेच राहिले. मध्येच 2013 मध्ये सांघिक स्पर्धेत तो हेवीवेटच्या वरच्या गटात जो जॉइसशीही लढून जिंकलेला होता. हे म्हणजे चार महिन्यांत प्रोटीनचे डबे पिऊन वर येणं नव्हे.

मोठ्या माणसांशी तो लढतो कसा, हे जरा आवाज बंद करून बघ. डावखुरा असल्यामुळे त्याचा उजवा हात पुढे. तो हात सतत काहीतरी करत असतो: टोचतो, समोरच्याचा ग्लोव्ह खाली दाबतो, डोळ्यांपुढे नाचतो. पुढचा पाय समोरच्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर टाकतो आणि मारून झालं की त्याच बाजूला वळून निघतो. मोठा माणूस टेकायला येतो तेव्हा टेकायला समोर कुणी नसतं. म्हणजे रावेरच्या पोराने माझ्या लहान्याला जे केलं ते उसिक होऊच देत नाही. उलट शेवटच्या राउंडांत थकलेला दिसतो तो मोठा. जोशुआच्या पहिल्या लढतीत बाराव्या राउंडला घंटा झाली तेव्हा 109 किलोचा जोशुआ दोरीला लागलेला होता.

तरीही सोपं नव्हतं. मे 2024 मध्ये रियाधला फ्युरी 119 किलो, उसिक 101. मधल्या राउंडांत फ्युरीचे पोटातले ठोसे बसत होते आणि उसिकचे पाय खरंच मंदावले होते. नवव्यात उसिकचा डावा बसला, फ्युरी एका दोरीवरून दुसऱ्या दोरीवर हेलपाटत गेला, पंचाने मोजलं. निकाल तरीही विभागूनच लागला. डिसेंबरमधल्या दुसऱ्या लढतीला फ्युरी 127 किलो भरून आला, तेव्हा मात्र तिन्ही पंचांनी उसिकला 116-112 दिले. आजच्या काळातला सर्वांत हुशार क्रूझरवेट, वर आल्यावर शंभर किलोंचा झालेला, आणि पहिल्या वेळी तोसुद्धा काठावर पास. 79 किलोच्या माणसाने यातून काय घ्यायचं ते तूच बघ.

एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूने आहे. हेवीवेटमध्ये गर्दी कमी असते. एवढ्या आकाराची चपळ माणसं मुळात कमी, आणि त्यातली बरीच उशिरा येतात. जोशुआ अठराव्या वर्षी जिममध्ये आला आणि पाच वर्षांत ऑलिम्पिक सुवर्ण. वाइल्डर विशीत सुरू करून 2008 मध्ये कांस्य. 63 किंवा 71 किलोत असं होत नाही, तिथे आठव्या वर्षापासूनची पोरं रांगेत उभी असतात. त्यामुळे खालच्या विजेत्याला कौशल्यात जी आघाडी असते ती खरी असते, भ्रम नसतो. वाइल्डर तर स्वतःच हलका हेवीवेट. 2018 मध्ये 96 किलोंवर त्याने 116 किलोंच्या फ्युरीला दोनदा पाडून बरोबरी केली. 2020 मध्ये वजन वाढवून 105 वर आला आणि सातव्या राउंडमध्ये लढत थांबली. फ्युरी त्या रात्री 124 किलो अंगावर टाकत होता. वाइल्डरने नंतर रिंगमध्ये घालून आलेल्या जड पोशाखाला दोष दिला. काही का असेना, ओझंच नडलं म्हणाला, तेवढं खरं.

मग बिवोल? 183 सेंटिमीटर, सांगाडा लाइट हेवीवेटचाच. 76 च्या गटातून वर आलेल्या कानेलोला त्याने मे 2022 मध्ये हरवलं, तीही एक अर्थी याच विषयाची लढत: तिथे बिवोल मोठा होता आणि कानेलोच्या हातांवर, दंडांवर तो सुरक्षित अंतरावरून मारत राहिला. तेच त्याच्यासोबत वर होईल. हे लक्षात ठेव की व्यावसायिक लढतीत 79 किलोंच्या माणसाला जे 10 औंसांचे ग्लोव्ह असतात तेच 120 किलोंच्या माणसालाही असतात. आतली मूठ बदलते, बाहेरची गादी नाही. पहिल्या तीसात नसलेल्या, संथ, साध्या हेवीवेटला बिवोल गुणांवर हरवेल, मी त्यावर पैसे लावीन. जोशुआ, फ्युरीसारख्या लांब हातांच्या माणसासमोर तो पाच-सहा राउंड सुंदर दिसेल. त्यापुढे मी लावणार नाही. 90 किलोंच्या गटातला, सांगाडा मोठा असलेला आणि दोन-तीन वर्षं घेऊन वर येणारा माणूस असेल तर गोष्ट वेगळी. होलीफिल्ड तसाच आला होता: 1988 मध्ये क्रूझरवेटचा निर्विवाद विजेता, 1990 मध्ये 94 किलोंवर 111 किलोंच्या डग्लसला तिसऱ्या राउंडमध्ये पाडलं. पण रिडिक बोव्हसारखा मोठा आणि खेळता येणारा माणूस समोर आला तेव्हा 1992 मध्ये तोही हरला. वर्षभराने परत जिंकला, हे त्याचं मोठेपण.

तुझ्यापुरतं सांगायचं तर त्या 92 किलोच्या मित्राबरोबर एकदा नीट बघ. 16 औंसांचे ग्लोव्ह, हेडगार्ड, कोच समोर, डोक्यावर ठोसा नाही. रिंग अर्धी करा, मधोमध दोरी टाकून. त्याला सांग, हात राखू नको, पण पळू नको, चालत ये आणि टेक. सहा राउंड. मारलेले किती, बसलेले किती हे मोजू नकोस, दुसऱ्याला मोजायला लाव तुझी टाच कुठल्या राउंडला खाली आली ते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टाची बटणं लावताना हात कसे वाटले, ते मला लिही.